आईसाठी छोट्या जातीचं पिल्लू: ८ हजार ते ७० हजार, नेमके किती द्यायचे?

तगर

बाबांना जाऊन मार्चमध्ये दीड वर्ष झालं. आई ६६ वर्षांची आहे, पुण्यात कर्वेनगरला राहते. मी त्याच सोसायटीत शेजारच्या इमारतीत. दिवसातून दोनदा जाते, पण मधले सहा-सात तास ती आणि घड्याळ, एवढंच घरात असतं. तिच्या माहेरी वाईला कायम कुत्रा होता. परवा तीच म्हणाली, "एक छोटंसं पिल्लू आणूया का गं?"

गेल्या वर्षी तिचं मनगट मोडलं होतं, त्यामुळे साखळीला हिसका देणारा कुत्रा नको. तिला उचलता येईल असा, फार तर पाच-सहा किलोचा हवा. शित्झू किंवा ल्हासा अप्सो यांपैकी एक, इथपर्यंत आम्ही आलो. दत्तक घ्यायचा विचार आधी केला. दोन ठिकाणी जाऊन आलो, पण त्या वेळी तिथे सगळी मोठी, ताकदीची कुत्री होती.

आता मूळ प्रश्न. तीन आठवडे मी शित्झूच्या किमती विचारते आहे. जाहिरातीवरून फोन केला तर ८,५००, "आजच घेऊन जा". एका दुकानात २२,०००, आणि मी "विचार करून सांगते" म्हटल्यावर त्याच फोनवर १६,०००. एकाकडे केसीआय पेपरसह, म्हणजे केनेल क्लबच्या नोंदणीच्या कागदांसह, ३८,०००. आणि एक जण ७०,००० म्हणतो, "इम्पोर्टेड लाइन" आहे म्हणून. फोटोत मला चारही पिल्लं सारखीच दिसतात. हा फरक कशाचा? मी पैसे नेमके कशाचे देणार आहे? ज्यांनी घेतलंय त्यांनी कृपया स्वतःचा अनुभव लिहा.

मुळशीकर

आम्ही मागच्या वर्षी बीगल घेतला, तेव्हा पुण्यात बरीच चौकशी केली होती. आम्हाला सांगितलेले आकडे देतो, पेपर नसलेल्या घरगुती पिल्लांचे: पॉमेरेनियन म्हणून विकतात ते ६ ते १२ हजार, डॅशहुंड ८ ते १५, पग आणि ल्हासा १२ ते २५, बीगल १८ ते ३०, शित्झू २० ते ४०. टॉय पॉम ५० च्या पुढे. पेपर असले की सगळीकडे आठ-दहा हजार वाढतात. मादी पिल्लू बहुतेक ठिकाणी नरापेक्षा महाग सांगतात, कारण घेणारा पुढे तिची पिल्लं विकेल असं धरलेलं असतं. काकूंना सोबतीला हवा असेल तर नर-मादी काहीही चालेल, वेळेवर नसबंदीचं ऑपरेशन करून घ्या.

शेंडेफळ

तगर, ८,५०० वाला नंबर आत्ता फोनमधून काढून टाक. हे हात जोडून सांगते आहे.

आम्ही ठाण्यात चार वर्षांपूर्वी ९,००० ला ल्हासा आणला होता. पिंजऱ्यात सहा पिल्लं, त्यांतलं एक कोपऱ्यात बसलेलं, त्याची दया आली म्हणून तेच उचललं. "४५ दिवसांचं आहे, पहिली लस झालीय" असं सांगितलं. तिसऱ्या दिवशी खाणं सोडलं, चौथ्या दिवशी उलट्या आणि रक्ताची शी. पार्व्हो, पिल्लांना होणारा विषाणूचा जीवघेणा आजार. डॉक्टरांनी तोंड उघडून पाहिलं आणि म्हणाले, हे जेमतेम महिन्याचं आहे, आईचं दूध सुटायच्या आतच उचललंय. पाच दिवस सलाइन, रोज सकाळ-संध्याकाळ रिक्षा. २२,००० खर्च झाले आणि सहाव्या रात्री ते माझ्या मुलीच्या मांडीवर गेलं. ती तेव्हा आठ वर्षांची होती. अजून त्याचा टॉवेल तिने ठेवलाय.

दुकानदाराला फोन केला तर म्हणाला, "दुसरं घेऊन जा, तीन हजारात देतो."

तेव्हा कळलं नाही ते आता कळतं. मी ९,००० दिले ते पिल्लाचे नव्हतेच. ते आईपासून एक महिना आधी तोडण्याचे होते.

गुरंढोरं

मी पशुवैद्य आहे. शेंडेफळ यांनी लिहिलं ते पावसाळ्यात आठवड्याला एक-दोनदा तरी टेबलावर बघतो. पार्व्होचं लक्षण दिसायला विषाणू शिरल्यापासून साधारण तीन ते सात दिवस, कधी जास्तही लागतात. म्हणून दुकानात पिल्लू ठीक दिसतं आणि घरी आल्यावर आजारी पडतं. हा विषाणू जमिनीवर महिनोन् महिने टिकतो. ज्या घरात पार्व्हो होऊन गेला तिथे साध्या फिनेलवर विसंबू नका, पातळ केलेलं ब्लीच वापरा आणि लसीकरण न झालेलं पिल्लू तिथे आणू नका.

वय कसं ओळखायचं ते सांगतो. पिल्लाचे दुधाचे दात तिसऱ्या-चौथ्या आठवड्यापासून यायला लागतात आणि दोन महिन्यांच्या आसपास २८ पूर्ण होतात. शित्झूसारख्या छोट्या जातींत थोडा उशीर होतो, पण मागच्या दाढा अजिबातच नसतील आणि विकणारा "दोन महिन्यांचं" म्हणत असेल, तर थांबा.

लसीचं पुस्तक बघताना नुसती तारीख बघू नका. लसीच्या बाटलीवरचं लेबल सोलून पानावर चिकटवलेलं असतं, त्यावर बॅच नंबर असतो. शेजारी डॉक्टरांची सही आणि नोंदणी क्रमांकाचा शिक्का हवा. नुसतं पेनाने "लस दिली" लिहिलेलं असेल तर मी ती लस दिलीच नाही असं धरून पहिल्यापासून सुरू करतो. पहिली लस सहा ते आठ आठवड्यांना, मग दर तीन-चार आठवड्यांनी बूस्टर, साधारण १६ आठवड्यांचं होईपर्यंत. रेबीजची तीन महिन्यांना. हे होईपर्यंत पिल्लू रस्त्यावर खाली ठेवायचं नाही, कडेवर घेऊन जग दाखवायचं.

गोदाकाठ

मी नाशिकजवळ राहते. माझ्याकडे दोन शित्झू माद्या आहेत आणि गेल्या सहा वर्षांत माझ्या घरी तीनच वेळा पिल्लं झाली. त्यामुळे "पैसे कशाचे" याचं उत्तर मला माझ्या वहीतून देता येईल. शेवटच्या वेळचा हिशेब आहे.

नर बाहेरचा, चांगल्या घरातला, त्याची फी १५,०००. मेटिंगचा दिवस नेमका कळावा म्हणून रक्ताची प्रोजेस्टेरॉन तपासणी तीनदा, ४,५००. सोनोग्राफी आणि शेवटी पिल्लं मोजायला एक्स-रे, २,५००. ६३ दिवसांच्या आसपास व्यायला हवी, पण पहिलं पिल्लू अडकलं, रात्री अडीचला सिझर, २०,०००. आईचं गाभणपणातलं आणि दूध पाजतानाचं खाणं, कॅल्शियम, औषधं, ९,०००. चार पिल्लं झाली, त्यातलं एक दुसऱ्या दिवशी गेलं. उरलेल्या तिघांचं दर पंधरा दिवसांनी जंताचं औषध, खाणं, पहिली लस, ओळखीची मायक्रोचिप, केसीआय नोंदणी धरून प्रत्येकी ३,५००, म्हणजे १०,५००.

एकूण ६१,५००. तीन पिल्लांत वाटले तर एकामागे साडेवीस हजार. यात माझे दोन महिने नाहीत. पहिले पंधरा दिवस मी त्यांच्या शेजारी जमिनीवर झोपते, कारण थकलेली आई कूस बदलताना पिल्लू चिरडू शकते.

मी ती ३५,००० ला दिली. नैसर्गिक बाळंतपण होऊन पाच पिल्लं जगली असती तर मला बरेच जास्त उरले असते, हेही खरं आहे. छोट्या जातींत पिल्लं कमी होतात, म्हणून लॅब्रॅडॉरचं पिल्लू आकाराने मोठं असूनही कधी कधी शित्झूपेक्षा स्वस्त पडतं.

आता हेच पिल्लू कुणी ८,५०० ला देत असेल, तर यातलं काय काय गाळलं असेल ते बघा. नर घरातलाच, बऱ्याचदा नात्यातला. तपासणी नाही, लस नाही. आणि सगळ्यात मोठी बचत म्हणजे आई. प्रत्येक वेळी हीटवर (माजावर) आली की नराला लावायची. २०१७ च्या केंद्राच्या श्वान प्रजनन नियमांत स्पष्ट लिहिलंय की मादी १८ महिन्यांच्या आत लावायची नाही, लागोपाठ दोन हंगामांत लावायची नाही, जन्मभरात पाचापेक्षा जास्त वेळा नाही, आठ वर्षांनंतर नाही. पिल्लू आठ आठवड्यांच्या आत विकायचं नाही. ब्रीडरने (पैदास करणाऱ्याने) राज्य प्राणी कल्याण मंडळाकडे नोंदणी केलेली हवी. माझी नोंदणी आहे, कुणी मागितली तर मी कागद दाखवते. पण सहा वर्षांत तो दोनच जणांनी मागितला.

तगर, एकच गोष्ट कर. फोनवर किंमत विचारायच्या आधी विचार, "पिल्लांची आई बघायला कधी येऊ?"

तगर

गोदाकाठताई, तुमचा प्रतिसाद आईला मोठ्याने वाचून दाखवला. सिझरपर्यंत आल्यावर तिने हातातली निवडायची भाजी खाली ठेवली.

पेपरबद्दल सांगाल का? ३८,००० वाला "केसीआय आहे" म्हणतो आणि आज १६,००० वाल्यानेही "पाच हजार जास्त द्या, केसीआय करून देतो" असं सांगितलं. नंतर करून मिळतं का?

गोदाकाठ

इथेच लोक फसतात. केनेल क्लब ऑफ इंडियाकडे रीतसर नोंद होते ती लिटरची, म्हणजे एका बाळंतपणातल्या सगळ्या पिल्लांची. आई आणि बाप दोघे नोंदलेले असतील तर ब्रीडर सगळ्या पिल्लांची एकत्र नोंद करतो. प्रमाणपत्रावर पिल्लाचे पूर्वज असतात, मायक्रोचिपचा १५ आकडी नंबर असतो, आणि मग ते तुझ्या नावावर बदलून घ्यायचं. नंतर "करून देतो" म्हणतात ते बहुतेक वेळा सिंगल रजिस्ट्रेशन. त्यात कुत्रा दिसायला जातीसारखा आहे का एवढंच जज बघतात. आई-बाप कोण ते त्यात नसतं. तो कागद खोटा नाही, पण वंशावळीचे पैसे त्यासाठी द्यायचे नाहीत.

आणि एक. डॉग शोला जायचं नसेल तर पेपरचा उपयोग मर्यादित आहे. पेपर असूनही आईचे हाल असू शकतात. मी पेपर देते, पण तुला निवड करायची वेळ आली तर पेपरवाल्या बंद दारापेक्षा बिनपेपरचं उघडं घर निवड.

सांगलीचा_वाडा

पॉमबद्दल थोडं लिहितो, कारण काकूंना कुणीतरी तेही सुचवणार. आपल्याकडे लहानपणापासून घरोघरी जो पांढरा "पॉमेरेनियन" बघितला, तो बहुतेक वेळा इंडियन स्पिट्झ असतो. काटक, आपल्या हवेला रुळलेला, थोडा भुंकरा, खर्चाला हलका. आमच्याकडे एका मागोमाग एक तीन झाले, पहिला १६ वर्षं जगला. त्याचे ६ ते १० हजार योग्यच आहेत. पण हल्ली त्याच पिल्लाला "टॉय पॉम" म्हणून ४० हजारांना विकतात. दोन महिन्यांचं असताना फरक कळत नाही, सहा महिन्यांत ते सात-आठ किलोचं होतं. खरा पॉमेरेनियन मोठा झाल्यावरही दोन-तीन किलोच्या आसपास राहतो. म्हणून इथेही उत्तर तेच, आई-बाप समोर बघा.

"टीकप" शब्द ऐकला की फोन ठेवा. तशी कुठली जात नाही. अशक्त, आकाराने खुरटलेली पिल्लं त्या नावाने खपवतात, आणि इतक्या छोट्या पिल्लांना काही तास उपाशी राहिलं तरी साखर कमी होऊन झटके येऊ शकतात.

पागोळी

चिपळूणहून. २००३ मध्ये मोबाइलच्या जाहिरातीत पग आला आणि पुढची काही वर्षं सगळ्यांना पगच हवा होता. आम्हीही त्या लाटेत घेतला. फार मायाळू होता. पण आमच्याकडची मे महिन्यातली हवा आणि त्याचं चपटं नाक! दुपारी धाप लागून जीभ निळसर व्हायची. नाकपुड्या रुंद करायचं आणि लांब टाळू कापायचं ऑपरेशन मुंबईला जाऊन करावं लागलं, जाणं-येणं धरून ४० हजारांच्या वर गेलं. पिल्लू १० हजारांचं होतं.

शित्झूचंही तोंड चपटंच आहे. पिल्लाच्या नाकपुड्या फटीसारख्या बंद आहेत की उघड्या, आणि त्याच्या आईला चालल्यावर घोरल्यासारखा आवाज येतो का, एवढं बघाच. डोळे मोठे आणि बाहेर असतात, सहज जखम होते. पुण्याच्या उन्हाळ्यात दुपारी पंखा लागेल. ल्हासाचं नाक तुलनेने बरं, पण स्वभाव जरा मानी.

काळा_चहा

माझा अनुभव छोटा आहे. टॉय पॉमची जाहिरात, सुंदर व्हिडिओ, "आर्मीत आहे, बदली झाली, १२ हजारांत देतोय". दोन हजार यूपीआयने पाठवले. मग विमानाच्या पिंजऱ्याचे ४,५००, मग विम्याचे ३,०००, "परत मिळतील". एकूण ९,५०० गेले, पिल्लू कधी नव्हतंच. सायबर फसवणुकीच्या १९३० या हेल्पलाइनवर लगेच फोन केला म्हणून ३,००० बँकेत गोठवले गेले आणि मिळाले. पिल्लू प्रत्यक्ष हातात घेतल्याशिवाय एक रुपया देऊ नका.

दूरदेशी

मी इंग्लंडमध्ये लीड्सला राहते. इथे एप्रिल २०२० पासून "ल्यूसीज लॉ" लागू आहे. सहा महिन्यांच्या आतलं पिल्लू दुकानातून किंवा दलालाकडून विकायला बंदी. विकत घ्यायचं तर ज्याच्या घरी जन्मलं त्याच्याकडूनच, आणि ते आईसोबत दाखवायची त्याच्यावर सक्ती. ल्यूसी ही कॅव्हेलियर जातीची मादी होती, पैदास करणाऱ्या एका फार्ममधून सोडवलेली. वर्षानुवर्षं पिंजऱ्यात राहून तिची कंबर वाकली होती.

आम्ही कॅव्हापू (कॅव्हेलियर आणि पूडलचं मिश्रण) १,८०० पौंडांना घेतला, पाच महिने वाट पाहून. ब्रीडरने आमचीच अर्धा तास मुलाखत घेतली. तेव्हा राग आला होता. घरी येऊन चहा करताना वाटलं, हिला पैशांपेक्षा पिल्लाची काळजी आहे. तुम्हाला कुणी असे प्रश्न विचारले तर ते चांगलं लक्षण समजा.

वाटसरू

एक अवघड प्रश्न विचारतो, राग मानू नका. शित्झू १२ ते १५ वर्षं जगतो. आई तेव्हा ८० च्या होतील.

तगर

राग नाही, हा प्रश्न आम्ही पहिल्या दिवशी विचारला. मी आणि माझी बहीण, दोघींनी ठरवलंय: आईला झेपेनासं झालं तर पिल्लू माझ्याकडे, मला शक्य नसेल तर नाशिकला बहिणीकडे. नवऱ्यालाही विचारलं, त्याची तयारी आहे. पैशांचंही ठरलंय. दर महिन्याचा खर्च आम्ही दोघी करणार, आईच्या पेन्शनला हात नाही.

तो महिन्याचा खर्च किती धरायचा? कुणी सांगेल का?

मुळशीकर

बीगलचा सांगतो, शित्झूला खाणं कमी आणि केस जास्त लागतील. खाणं ३,०००, ग्रूमिंग (शित्झूला महिन्यातून एकदा तरी) १,००० ते १,५००, गोचीड-पिसवांचं औषध ५०० च्या आसपास. पावसाळ्यात गोचीडताप फार बळावतो, तिथे काटकसर नको. पहिल्या वर्षी लसी, ऑपरेशन, महापालिकेचा परवाना, भांडी-अंथरूण धरून २० हजार वेगळे. म्हणजे पहिल्या वर्षात ७० हजारांच्या वर जातातच. पिल्लाच्या किमतीत पाच हजार वाचवण्यासाठी जीव काढू नका.

तगर

बारा दिवसांनी लिहिते आहे. गोदाकाठताईंचा प्रश्न सगळ्यांना विचारला.

८,५०० वाला: "आई गावाला असते." कुठल्या गावाला विचारल्यावर फोन ठेवला. दुकानवाला: "आम्हाला माल बाहेरून येतो." माल म्हणाला. ७०,००० वाल्याने केनेल दाखवायला नकार दिला, रोगराई येते म्हणून. इम्पोर्टचे कागद मागितले तर "आजोबा इम्पोर्टेड होते". २०१६ मध्ये विक्रीसाठी कुत्री आयात करण्यावर निर्बंध आले होते, हे मी वाचून ठेवलं होतं. ते म्हटल्यावर तो ५५,००० वर आला. ३८,००० वाल्याने लगेच वेळ दिली, पण पिल्लं जेमतेम सहा आठवड्यांची असताना "शनिवारी घेऊन जा, नंतर दुसऱ्याला देईन" असा तगादा लावला. कागद सगळे नीट होते. तरी नाही म्हटलं.

मग आमच्या पशुवैद्यांनी साताऱ्याजवळचं एक घर सुचवलं. रविवारी आईला घेऊन गेले. चाळीशीचे नवरा-बायको, मागे अंगण. पिल्लं पाच आठवड्यांची, चार. त्यांची आई चार वर्षांची, तिचं हे दुसरं बाळंतपण. आम्ही आत गेलो तशी ती भुंकली, मग पिल्लांभोवती एक फेरी मारली आणि येऊन माझ्या आईच्या चपलांचा वास घेत बसली. तिचे केस गळले होते, अंगावर मांस कमी होतं. मी विचारलं, तर त्या बाईंनी लगेच सांगितलं की पाजण्यामुळे असं होतं, दोन महिन्यांत भरून येते, आणि मागच्या वेळचे फोटो दाखवले. नाकपुड्या बघितल्या, पिल्लांच्या आईचं लेबल चिकटवलेलं लसीचं पुस्तक बघितलं, नोंदणीचा कागद मागितला. त्यांनी काहीही लपवलं नाही. किंमत ३२,००० सांगितली. मी कमी करा म्हणायच्या आधीच आई म्हणाली, "ठीक आहे."

गाडीत मी तिला म्हटलं, थोडं बोलून बघितलं असतं. ती बराच वेळ बाहेर बघत होती. मग म्हणाली, "बाळंतिणीच्या घरी जाऊन घासाघीस करायची का?"

५,००० आगाऊ दिले, पावती घेतली. उरलेले पिल्लू आणताना. आठ आठवडे पूर्ण झाले की, म्हणजे तीन आठवड्यांनी. आईने तोवर बाबांची आरामखुर्ची खिडकीपासून हलवून दिवाणाजवळ आणली आहे, कारण पिल्लाला दिवाणावरून उतरायला मध्ये काहीतरी पायरी हवी, असं तिचं म्हणणं.

गोदाकाठ

वाचून डोळे भरले गं. आणायला जाशील तेव्हा एक जुनी सुती साडी घेऊन जा, ती पिल्लांच्या आईच्या अंथरुणात अर्धा तास ठेव आणि तशीच गाडीत अंथर. पहिल्या रात्री रडणं कमी होईल. सध्या ते जे खातं तेच आठवडाभर द्या, एकदम बदलू नका.

तगर

साडी आत्ताच काढून ठेवली. एक राहिलं: आईच्या बाल्कनीला उभे गज आहेत, मधलं अंतर चार इंच. पिल्लू त्यातून जाईल का? कबुतरांसाठी लावतात ती नायलॉनची जाळी चालेल?

गुरंढोरं

दोन महिन्यांचं शित्झू चार इंचांतून आरामात जाईल. नायलॉनची जाळी नको, दात येताना कुरतडून भोक पाडतात. वेल्डिंगची लोखंडी जाळी, अर्ध्या इंचाची, जमिनीपासून दोन फूट उंच, आतल्या बाजूने बांधून घ्या. तारेची टोकं बाहेरच्या बाजूला वळवायला सांगा, डोळ्यांना लागतात.

तगर

उद्याच माणूस बोलावते.